औषधाआधीचे आठ रोज

आमच्या गावात विषाला कोणी विष म्हणत नसे. दुकानदारापासून तान्ह्या लेकराच्या मायपर्यंत सगळे त्याला औषध म्हणायचे, म्हणून आमच्या घरातही ते औषधच होतं, आणि माझे बाबा औषध मारायला जायचे. पाठीवर पंधरा लिटरचा पंप, डाव्या हातात त्याचा दांडा, उजव्या हातात नळी, नाकातोंडाला मायच्या जुन्या लुगड्याचा फडका, असे ते दुसऱ्यांच्या वावरातून एकेक तास धरून चालत राहायचे. तास म्हणजे पऱ्हाटीची, कापसाच्या झाडांची ओळ. आमची स्वतःची एक ओळही नव्हती. आर्णीहून आत, नाल्याच्या काठावर आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला आम्हा बौद्धांची वीस-बावीस घरं, आणि त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या कापसावर नि तुरीवर जगणारी. बाया निंदायला, वेचायला जात. बाप्ये डवरायला, म्हणजे बैलांनी कोळपणी करायला, आणि पोळ्याच्या आगेमागे फवारणीला. फवारणीची मजुरी पंपामागं मिळायची. जितके पंप मारले तितकी मजुरी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते कळायला एवढं माहीत असावं लागतं.

संध्याकाळी बाबा आले की पहिले अंगणातल्या दगडावर बसत. माय चुलीवरचं ऊन पाणी काढून देई. आधी राख, मग साबण, मग पुन्हा पाणी. तोवर मला त्यांच्याजवळ जायची मनाई होती. पण कितीही घासलं तरी हाताचा वास जात नसे. भाकर तोंडाशी नेली की त्यांना मळमळून यायचं. मग माय समोर बसायची आणि ज्वारीच्या भाकरीचा तुकडा अंबाडीच्या भाजीला लावून त्यांच्या तोंडात घालायची. पहिले चार-पाच घास असेच. मिश्यांचा, उंचापुरा माणूस, आणि लेकरासारखा तोंड उघडून बसलेला. मला तेव्हा त्याची मोठी मजा वाटायची.

पंपाचा आवाज मला अजून येतो. खटक्, सुर्रर. खटक्, सुर्रर. शाळेतून येताना रस्त्याच्या कडेला उभं राहून मी ओळखायचे की बाबा कोणाच्या वावरात आहेत. मारोतीकाकांचा पंप वेगळा वाजायचा, त्याचा दांडा ढिला होता. मारोतीकाका म्हणजे आमचे शेजारी आणि बाबांचे फवारणीतले जोडीदार. दोघं सकाळी बरोबर निघत, एक एका टोकाकडून, दुसरा दुसऱ्या टोकाकडून, आणि वावराच्या मध्यावर भेटले की पंप उतरवून तंबाखू मळत. तेही हात न धुता. वर्षावासात विहारात संध्याकाळी वाचन असे, तिथंही दोघं शेजारी बसत आणि दमून शेजारीशेजारीच डुलक्या घेत.

मी आठवीत होते. रविवारी बाबांची भाकर घेऊन वावरात जाणं माझ्याकडं होतं. फवारणी चाललेल्या भागात मी पाऊल टाकायचं नाही, धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच बसायचं, अशी मायची सक्त ताकीद. धुऱ्यावर बसून माणूस करणार काय? मी जवळच्या पऱ्हाटीची पानं उलटून पाहत बसे. पानाच्या वरच्या अंगाला काहीच नसतं, जे काही जग आहे ते खालच्या अंगाला. तिथं मावा असायचा, हिरवट पिवळ्या बारक्या दाण्यांसारखा, पानाला चिकटून रस पिणारा. एका रविवारी त्या माव्यात मला एक विचित्र प्राणी दिसला. बोटाच्या पेराच्या अर्ध्याहून लहान, काळा, पाठीवर नारिंगी ठिपके, अंगावर काटे, सहा पाय, आणि चाल अशी की छोटी मगरच. बाबा भाकर खायला आले तेव्हा त्यांना दाखवला.

"अळी असन कायची तरी," ते म्हणाले. "मारून टाक."

मी मारला नाही. भाकरीच्या डब्यात पानासकट घातला आणि घरी आणला. मायची लोणच्याची काचेची बरणी रिकामी होती. तिच्यात तो प्राणी, माव्यानं भरलेली दोन पानं, आणि तोंडाला फडकं बांधलं. मला फक्त बघायचं होतं की हा पान कसं खातो. अर्धा तास डोळे लावून बसले. त्यानं पानाला तोंडही लावलं नाही. तो मावा खात होता. एकेक दाणा उचलायचा, चावायचा, टाकायचा, पुढचा. संध्याकाळपर्यंत एक पान साफ!

पुढचे काही दिवस माझं जेवणखाण त्या बरणीपाशीच. रोज शाळेतून येताना मी माव्याची पानं तोडून आणायचे. प्राणी फुगत गेला. मग एक दिवस त्यानं खाणं सोडलं, काचेला उलटा चिकटला, आखडून गोळा झाला. मी समजले, मेला. फेकवेना म्हणून बरणी तशीच ठेवली. चार-पाच दिवसांनी सकाळी पाहते तर त्या गोळ्याची पाठ फाटलेली आणि शेजारी एक पिवळाधमक, ओला, गोल किडा बसलेला. शाळेतून परत येईपर्यंत तो लाल झाला होता आणि त्याच्या पाठीवर काळे ठिपके उमटले होते. ही तर टिकली! आम्ही सगळ्या पोरी तिला टिकली म्हणायचो, कपाळावर सोडायचो आणि ती चालत केसांत गेली की खिदळायचो. इतक्या वर्षांची ओळख, आणि ती लहानपणी मगरीसारखी दिसते हे आम्हांला माहीतच नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. जिला सगळे अळी म्हणून चिरडत होते, ती टिकलीचं लेकरू होती.

मी बरणी घेऊन शाळेत गेले. आमच्या विज्ञानाच्या मडावी मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी कपाटातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "ह्याला पुस्तकात ढालकिडा म्हणतात. मित्रकीड. भिंग घरी ने, पण फोडू नको." घरी येऊन मी तो शब्द बाबांना सांगितला. बाबा अंगणातल्या दगडावर बसून हात घासत होते. त्यांना हसू फुटलं. "किडा कोनाचा मित्र असते काय वं?" पण हात धुऊन झाल्यावर ते बरणीपाशी आले आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिले.

मग बरण्या वाढल्या. एकीत पाठीवर कचऱ्याचा भारा घेऊन फिरणारी एक बारकी अळी होती. तीही मावा खायची आणि खाऊन झालेल्या सालपटांचाच भारा करून पाठीवर लादायची. एका पानावर केसासारख्या दांड्यांच्या टोकाला त्याच जातीची अंडी होती. बाबा ती पाहून चकित झाले. "हे अंडे हायेत? मी त समजत होतो पानाले बुरशीचे केस आले." त्यांना आठवत होतं की असे केस कोणत्या वावरात जास्त दिसतात, कोणत्या महिन्यात दिसतात, झाडाच्या कोणत्या अंगाला दिसतात. तेव्हा मला कळलं की माझ्या बाबांनी जितक्या पऱ्हाट्या जवळून पाहिल्या तितक्या पंचक्रोशीत कोणीही पाहिल्या नसतील. मालक धुऱ्यावरून पाहतो. बाबा प्रत्येक झाडाला वळसा घालून जात होते, वर्षानुवर्षं. सगळं डोळ्यांत भरलेलं होतं, फक्त त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी आता ते अंगणातून हाक मारून विचारायचे, "शालू, आज तिनं किती खाल्ले?" आणि मी आकडा सांगायचे. मायचं वेगळंच. "लोनचं घालाले बरनी नाही घरात, आन किड्याइले बंगले," असं म्हणत ती भांडी आपटायची.

एक दिवस जेवताना मी सहज विचारलं, "बाबा, तुमचं औषध टिकल्याइले ओळखते का?"

बाबा घास चावता चावता थांबले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले तेव्हा त्यांच्या टोपीत सागाच्या पानाची पुडी होती. ती त्यांनी अंगणात उघडली. आत मेलेल्या टिकल्या, मेलेल्या मगरी, दोन कोळी, आणि एक मधमाशी. फवारून झालेल्या तासात परत जाऊन, वाकून, त्यांनी ते सगळं मातीवरून वेचलं होतं.

"हे पाय," ते म्हणाले. "मावा बी मरते आन हे बी मरते. पन मावा आठ-दहा रोजात वापस येते, पयल्यापेक्षा जास्त. ह्या नाही येत लवकर. मीनं दर साली पाह्यलं ते. डोक्यात नाही आलं कधी." मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मनूनच आपल्याले दुसऱ्यांदा बोलावते."

माय चुलीपुढून उठली. तिला बोलण्याचा रोख बरोबर कळला होता. "मंग गप राहा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा बोलावते, तिसऱ्यांदा बोलावते, मनून चूल पेटते आपली. हे कोनाले सांगू नोका. आन तू बी नोको सांगू, मोठी मास्तरीन."

मायला मी तेव्हा भित्री समजले होते. पुढं स्वतःचा संसार मुकुटबनकडं थाटला, हंगामात चूल कशावर पेटते ते स्वतः पाहिलं, तेव्हा समजलं की त्या अंगणात सगळ्यांत नीट विचार करणारी तीच होती.

तो आठवडा तसाच गेला. रोज जायचे, पंप मारायचे, यायचे. पण चार घास भरवून घेतानासुद्धा त्यांचं लक्ष दुसरीकडंच असे. मग गुणवंतभाऊंचा निरोप आला. नाल्याला लागून त्यांचं आठ एकर कापसाचं वावर होतं, आणि बाबांच्या हंगामातले निम्मे पंप त्याच वावरातले. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. शेजाऱ्यानं फवारलं की ह्यांना झोप यायची नाही. आकाश चार दिवसांपासून ढगाळलेलं, हवा कोंदट, आणि अशा हवेत मावा वाढतो म्हणून त्यांनी आर्णीहून औषधाचे डबे आणून ठेवले होते. रविवार होता, म्हणून मीही बाबांबरोबर गेले. बाबांनी पंप धुऱ्यावर ठेवला, पाण्याचा ड्रम भरला, आणि मग पंप न भरता सरळ वावरात शिरले. ह्या झाडाचं पान उलट, त्या झाडाचं उलट. गुणवंतभाऊ मोटरसायकलवरून आले तेव्हा बाबा वावराच्या मधोमध उकिडवे बसलेले होते.

"काहून रे देवमन, पंप भरला नाही अजून?"

बाबा उठून आले. दुसऱ्याच्या धुऱ्यावर त्यांनी कधी आवाज वर केला नव्हता, तेव्हाही केला नाही. "भाऊ, एक डाव हे पान पाहा," ते म्हणाले.

"काय पाहू? मावा हाये. त्याच्यासाठीच त बोलावलं तुले."

"माव्यासंग हे बी पाहा. हे काये, काटेवाले दिसते ना, ह्या टिकल्याइचे पिल्लं हायेत. हे मावा खाते. आज औषध मारलं त हे पयले मरते."

"कोन सांगतलं तुले?"

"पोरीनं पाह्यलं. मंग मीनं पाह्यलं."

गुणवंतभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली घातली. "अच्छा," ते म्हणाले, "मंजे आता पोट्टीच्या म्हनन्यावर शेती करू मी? तुले फवाराले बोलावलं देवमन, शिकवाले नाही."

"सगयं नका सोडू भाऊ. साहा एकर मी मारून देतो. नाल्याकडले दोन एकर ठेवा. फक्त आठ रोज. मावा नाही हटला त नवव्या रोजी फुकट मारून देतो."

"आन पीक गेलं त?"

"त तुमच्या वावरात पाय नाही ठेवत पुन्हा," बाबा म्हणाले.

समोरचा बैल अचानक बोलायला लागावा तसा गुणवंतभाऊंचा चेहरा झाला. मग मोटरसायकलला किक मारत म्हणाले, "बरं. आठ रोज. याद ठेवजो."

त्या दिवशी मागून आलेल्या मारोतीकाकांना घेऊन बाबांनी सहा एकरांवर औषध मारलं आणि नाल्याकडच्या दोन एकरांशी येऊन पंप बंद केला. घरी आल्यावर मायनं सगळं ऐकलं. त्या रात्री बाबांना घास तिनं रोजच्यापेक्षा हळूहळू भरवले.

आठ दिवस मी पहाटे उठून शाळेआधी त्या दोन एकरात जायचे, बाबांबरोबर. मोजायची रीत आम्हीच ठरवली. कोपऱ्यातून तिरपं चालत जायचं, वाटेतली वीस झाडं धरायची, प्रत्येकाची तीन पानं पाहायची: एक शेंड्याजवळचं, एक मधलं, एक बुडाजवळचं. बाबा पान उलटायचे, मी वहीत लिहायचे. माव्याचा एक रकाना, टिकल्या आणि त्यांच्या पिल्लांचा दुसरा. बऱ्याच वर्षांनी एका कृषी अधिकाऱ्यानं आम्हा बायकांना प्रशिक्षणात जवळपास हीच रीत फळ्यावर काढून शिकवली, तेव्हा मी वर्गात एकटीच हसत होते आणि त्यांना वाटलं, बाईला समजलं नाही.

पहिले तीन दिवस माव्याचा रकाना वाढतच गेला. चौथ्या दिवशी पानं वरून चकाकायला लागली. मावा अंगातून गोड चिकट पाणी सोडतो, त्याला चिकटा म्हणतात, आणि तो दिसला की शेतकरी औषधाच्या दुकानाकडं पळतो. कडेची पानं वाटीसारखी वळली होती. शेजारच्या सहा एकरांत मात्र सगळं कसं स्वच्छ. मी वही बंद केली. माझ्या एका बरणीपायी बाबांचं निम्मं काम जाणार होतं, गुणवंतभाऊंचं पीक जाणार होतं, आणि गाव पुढं काय म्हणणार ते मला ऐकूच येत होतं.

"बाबा," मी म्हणाले, "मारून टाका औषध. माझं चुकलं असन."

बाबा एका झाडाशी वाकले होते. "इकडं ये," ते म्हणाले. "भिंग आन."

पानाच्या खालच्या अंगाला, माव्याच्या अगदी मधोमध, पिवळ्या अंड्यांचा झुबका होता. उभी, टोकदार, एकमेकांना चिकटून ठेवलेली. बाबांनी पुढचं पान उलटलं. तिथंही झुबका. त्याच्या पुढच्या झाडावर दोन.

"तू माव्याकडंच पाहून राह्यली," ते म्हणाले. "मावा आला मनून ह्या आल्या. जेवन वाढल्याशिवाय पाहुने येते काय? आता हे फुटू दे."

त्या संध्याकाळी माय निंदणाहून आली ती ओच्यात चवळीची डहाळी घेऊन. कोणाच्या तरी बांधावर चवळीचे दोन वेल होते, आणि त्यांच्या शेंड्यावर टिकल्या दाटल्या होत्या. डहाळी तिनं माझ्यापुढं टाकली. "चवयीवर त ह्या लय राह्यते," ती म्हणाली. "माह्या मायच्या घरी कापसात चवयी राह्यची, अंबाडी राह्यची, कडीनं ज्वारी राह्यची. आता मंते नुसता कापूस पाह्यजे, गवताची काडी नाही पाह्यजे. मंग ह्या बिचाऱ्या राहाव कुठं?" एवढं बोलून ती चुलीकडं गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो तेव्हा ती आमच्याआधीच तयार होती. चवळीवरच्या टिकल्या तिनं पदरात गोळा करून आणल्या, आणि त्या दोन एकरांच्या चारी कोपऱ्यांत नेऊन सोडल्या.

सहाव्या दिवशी थोडी भुरभुर आली. सातव्या दिवशी अंडी फुटलेली होती आणि पानोपान काळ्या मगरी, आधीच्या फुगलेल्या नि नव्या बारक्या. आठव्या दिवशी मी पानं उलटते तर माव्याच्या जागी पांढरी सालपटं. नुसती टरफलं, आत काही नाही. माझ्या वहीत पहिल्यांदा दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा झाला.

गुणवंतभाऊ आठच्या सुमारास आले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, दहा-बारा झाडं पाहिली. मग सहा एकरांकडं गेले. तिथं शेंड्याची पानं पुन्हा चकाकायला लागली होती, मावा परतला होता, आणि त्याला खाणारं कोणीही नव्हतं. परत येऊन ते म्हणाले, "पावसानं धुऊन नेला असन."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाऊस काय दोनच एकरात आलता का भाऊ?"

बाबांनी माझा दंड दाबला. गुणवंतभाऊ म्हणाले, "लय बोलते रे तुयी पोट्टी." आणि निघून गेले. शाबासकी नाही, रागही नाही. पण दुसऱ्या फवारणीचा निरोप आला नाही. त्यांनी सहा एकरांवरही औषध न मारता थांबून पाहायचं ठरवलं होतं. आम्ही जिंकलो होतो, आणि म्हणून बाबा घरी बसून होते.

तो हंगाम वाईट गेला. गावात बोलवा झाली की देवमन फवारत नाही, भाषण देतो. बोलावणारे कमी झाले. माय दोन ठिकाणी वेचायला जायला लागली. पुढं दिवाळीच्या आधी बोंडअळी आली, आणि तिच्यापुढं आमच्या टिकल्यांचं काही चाललं नाही. त्या दोन एकरांवरही एकदा औषध मारावं लागलं, आणि ते बाबांनीच मारलं. हे मी लपवत नाही. आजही बाया मला फोनवर किड्यांचे फोटो पाठवतात, "ताई, हे मित्र का दुश्मन?" विचारतात, आणि त्यांना मी सांगते की सगळी कामं टिकली करत नाही. त्या वर्षी दोन एकरांतला कापूस बाकीच्या बरोबरीनंच निघाला. जास्त नाही, कमीही नाही. फक्त औषध कमी लागलं.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते मारोतीकाकांचं वागणं. गुणवंतभाऊंच्या सहा एकरांची दुसरी फवारणी अर्धी त्यांच्या वाट्याची होती. ती गेली. एक दिवस ते कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "देवमन, तू आपल्याच पोटावर पाय देऊन राह्यला. तुह्या पोटावर दे ना, माह्या कायले देतं?" त्यानंतर मारोतीकाका सकाळी एकटेच निघू लागले. विहारात दुसऱ्या भिंतीला बसू लागले. समोरून आले तरी जय भीम घालत नसत.

पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर गुणवंतभाऊ स्वतः आमच्या अंगणात आले. आमच्या वस्तीत ते ह्याआधी आले नव्हते. बाबा पंप काढायला उठले तर ते म्हणाले, "पंप राहू दे. पाहून सांग, माराचं का नाही." बाबा गेले, वीस झाडं पाहिली, म्हणाले, "आताच नका मारू." गुणवंतभाऊंनी दिवसाची मजुरी पुढं केली, तर बाबा मागं सरले. "नुसतं पाह्याचे कायले?" शेवटी ती मायनं घेतली. "डोये काय फुकट असते?" एवढंच ती म्हणाली. हळूहळू आणखी पाच-सहा घरांनी बोलावलं. मायनं निंदायला जाताना ओटीत चवळीचं बी न्यायला सुरुवात केली, आणि मालकाला विचारून, कधी न विचारताही, धुऱ्याकडेला मातीत एकेक दाणा टोबत गेली.

त्याच वर्षी भादवा सरता सरता, एका रविवारी दुपारची वेळ. बाबा अंगणात खाटेवर पडले होते, मी गृहपाठ करत होते. कुंपणाशी मारोतीकाका येऊन उभे राहिले. कपडे औषधानं ओले, फडका गळ्यात. वावरातून सरळ आलेले.

"जय भीम, देवमन," ते म्हणाले.

बाबा उठून बसले. "जय भीम. ये."

मारोतीकाका आत आले, पण बसले नाहीत. खिशातून काडीपेटी काढली, जपून अर्धी उघडली आणि बाबांपुढं धरली. आत एक हिरवट, लांब पायांचा किडा होता, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं तोंड, कडेनं रुंद झालेलं पोट. जिवंत होता. "आज तासात मारत होतो," ते म्हणाले, "पुढच्या झाडावर हा बसलेला, तोंडात अळी धरून. नळी बंद केली मीनं. कोन व्हय हा?"

बाबांनी पाहिलं. मी भिंग घेऊन पाहिलं. आमच्यापैकी कोणीही तो आधी पाहिला नव्हता.

"मले नाही मालूम," बाबा म्हणाले.

मारोतीकाका खाली बसले. तिघांची डोकी त्या काडीपेटीवर वाकलेली. किडा हळूच एक पाय बाहेर काढून चाचपत होता. "इतके साल झाले ना," मारोतीकाका म्हणाले, "ज्याले त्याले मारत आलो. कोन कोन मेलं, पाह्यलंच नाही."

"कुठं होता हा?" बाबांनी विचारलं.

"गुणवंतभाऊच्या पलीकडं. पाटीलबुवाच्या वावरात, चवथ्या तासाले."

"औषध मारलं तिथं?"

"तिथवर नाही आलतो अजून."

मारोतीकाकांनी काडीपेटी बंद केली, हवेपुरती बारीक फट ठेवून, आणि उठले. मायनं त्यांना पाणी दिलं, ते मारोतीकाका उभ्यानंच प्यायले. मग ऊन डोक्यावर घेऊन ते नाल्याकडच्या वाटेनं पुन्हा वावराकडं निघाले, काडीपेटी पुढं तळहातावर धरून, किडा सोडायला. त्या दुपारी त्यांचा पंप मला ऐकू आला नाही.